तीन जुने संगणक, एक फोल्डर

पंख्यांवर धुळीची पुटं चढलेले हे तीन डेस्कटॉप मोडीत निघाले होते. आता त्यांची नावं आहेत आंबा, फणस आणि काजू. तिघांवर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे, आणि साठवणीसाठी प्रत्येकात एकेक वेगळी डिस्क.

या तिघांना बांधणारी फाइल सिस्टीम, म्हणजे फाइल्स साठवण्याची व्यवस्था, आहे ग्लस्टरएफएस. सुरुवात २००५ची. तिच्या संस्थापकांपैकी आनंद बाबू पेरियासामी त्याआधी कॅलिफोर्नियातल्या 'थंडर' महासंगणकाच्या उभारणीत होते. ४०९६ प्रोसेसरचा थंडर २००४मध्ये वेगात जगात दुसरा होता. जीएनयू आणि क्लस्टर मिळून झालं ग्लस्टर. महागडी स्टोरेज पेटी नको, साध्या यंत्रांच्या डिस्क जोडायच्या. आणि कोड सगळ्यांना खुला.

पॅकेज बसलं, ग्लस्टरडी ही त्याची पडद्यामागची सेवा सुरू झाली. होस्ट्स फाइलमध्ये तिघांचे पत्ते लिहिले, डिस्क एक्सएफएस या साठवणीच्या पद्धतीत फॉरमॅट केल्या. आता आंब्यावरून हाक: पीअर प्रोब फणस. सक्सेस. पीअर प्रोब काजू. सक्सेस.

मग व्हॉल्यूम क्रिएट, म्हणजे तिघांचा मिळून एकच फोल्डर; रेप्लिका तीन, म्हणजे प्रत्येक फाइलच्या तीन प्रती; आणि तीन 'ब्रिक'चे, म्हणजे प्रत्येक यंत्रावरच्या साठवणीच्या जागांचे, विटांचे पत्ते. एंटर. आणि नकार! काजूची डिस्क माउंट करायची, म्हणजे फोल्डरला जोडायची राहिली होती, त्यामुळे वीट सिस्टीमच्याच डिस्कवर पडत होती. शेवटी 'फोर्स' लिहिलं असतं तर काम झालं असतं. पण ते कधीच लिहू नका. डेटा वाढून सिस्टीमची डिस्क भरली की अख्खं यंत्र अडतं. डिस्क माउंट केली, तीच कमांड पुन्हा दिली, व्हॉल्यूम तयार.

प्रती तीन कशाला? दोनच असल्या आणि मधली तार तुटली, तर दोन्ही बाजू आपलीच प्रत खरी धरून लिहीत राहतात. तिघांत दोघांचं मत चालतं.

चौथ्या संगणकावरून या व्हॉल्यूमवर एक मोठा व्हिडिओ कॉपी होतोय. आता काजूची वीज काढली.

कॉपी थांबली. घड्याळाकडे पाहा. गप्प झालेल्या यंत्राची ग्लस्टर ४२ सेकंद वाट बघतं.

चाळीस. एकेचाळीस. बेचाळीस.

कॉपी पुन्हा सुरू.

दोन यंत्रं गेली तर मात्र लिहिणं बंद होतं. २०११मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीनं ग्लस्टरची कंपनी विकत घेतली, त्यांच्या व्यावसायिक आवृत्तीची मदत २०२४अखेर संपली. कोड आजही खुला आहे.

काजू पुन्हा चालू केला. 'हील इन्फो' ही कमांड प्रत जुळवायची राहिलेल्या फाइल्सची यादी देते. त्या यादीत व्हिडिओचं नाव दिसतंय. थोड्या वेळानं तीच कमांड. आंबा, शून्य. फणस, शून्य. काजू, शून्य.