काही लागलं तर सांग

नमस्कार मंडळी, आज एका वाक्याबद्दल बोलायचंय. तुम्हीही म्हटलं असेल, मी तर शंभरदा म्हटलंय, "काही लागलं तर सांग हं." कोणाची नोकरी जाते, कोणाचा धंदा बसतो, आपण फोन करतो, दोन मिनिटं हळहळतो आणि हे वाक्य टाकून मोकळे होतो. फोन ठेवताना बरं पण वाटतं. पण खरं सांगू का, सगळं अवघड काम आपण त्याच्याच गळ्यात मारलेलं असतं, लाज त्याने गिळायची, आकडा त्याने ठरवायचा आणि तोंडही त्यानेच उघडायचं.

माझी नोकरी गेली होती तेव्हा दहा-बाराजण मला हेच म्हणाले आणि मी एकालाही काही सांगितलं नाही. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एका मित्राला मेसेज लिहायचो, "थोडे पैसे मिळतील का", मग "थोडे" खोडायचो, मग परत घालायचो, मग अख्खा मेसेजच उडवायचो. त्याला तिकडे नुसतं 'टायपिंग' दिसत असणार. तिसऱ्या रात्री त्यानेच पैसे पाठवले, खाली एक ओळ, "घाई नाहीये, आणि थँक्यू म्हणू नकोस." मी तर काही मागितलंच नव्हतं!

आता आपल्याला वाटतं मीच कशाला, त्याचे नातेवाईक असतील, इतके मित्र आहेत, कोणीतरी बघेल. १९६८ साली अमेरिकेत जॉन डार्ली आणि बिब लाताने यांचा एक प्रयोग छापून आला, वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या विद्यार्थ्यांना इंटरकॉमवर एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला, म्हणजे ते नाटकच होतं, पण त्यांना ते माहीत नव्हतं. ऐकणारा मी एकटाच आहे असं ज्यांना वाटलं त्यातले ८५ टक्के तो आवाज चालू असतानाच मदतीला उठले, आणि अजून चारजण ऐकतायत असं वाटणाऱ्यांमधले फक्त ३१ टक्के. म्हणजे माणसं दुष्ट नव्हती हो, फक्त जबाबदारीचे पाच वाटे झाले होते.

मंदीत तर हे जास्तच होतं कारण प्रत्येकाचाच हात आखडलेला असतो. आणि एक मान्य करतो, सगळं आपल्याच्याने होणारं नाही. १९३३ मध्ये अमेरिकेत साधारण चारातला एक कामगार बेकार होता, तिथे खाजगी दानधर्म कुठवर पुरणार, शेवटी सरकारला उतरावंच लागलं. ते सरकारने करायलाच पाहिजे. पण सरकारी फॉर्मला ते 'टायपिंग' दिसत नाही ना, ते आपल्याला दिसतं.

मग पुढची शंका, पैसे दिले आणि उडवले तर? वर्ल्ड बँकेच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये गरिबांना रोख पैसे देण्यावरचे १९ अभ्यास तपासले, त्याने दारू-सिगरेटवरचा खर्च वाढल्याचं जवळपास कुठेच दिसलं नाही. मला तर वाटतं ही शंका आपण आपल्याच सोयीसाठी सांभाळून ठेवलेली असते.

बाराव्या शतकात मायमोनिडीझ नावाचा ज्यू पंडित होऊन गेला, पेशाने वैद्य. त्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्यात. त्यात मागितल्यावर देणारा खाली आणि मागायच्या आधी देणारा त्याच्या वरच्या पायरीवर. सगळ्यात वर कोण, तर जो कर्ज देतो, भागीदारीत घेतो किंवा काम मिळवून देतो, म्हणजे समोरच्याला परत हात पसरावा लागू नये.

पैसे नसतील तर? एखाद्याचा बायोडेटा नुसता फॉरवर्ड करू नका, मागोमाग फोन करून दोन शब्द बोला. आणि कोणाचं बिल तुमच्याकडे अडकलं असेल ना, सुताराचं, ट्यूशनवाल्या बाईंचं, तर ते आजच देऊन टाका. याला मदत म्हणायचीसुद्धा गरज नाही, त्यांचेच पैसे आहेत, पण तंगीच्या महिन्यात ते आठ दिवस उशिरा मिळाले की तिकडे हप्ता चुकतो, दंड लागतो. उसने देणार असाल तर परत आले नाहीत तरी चालेल एवढेच द्या, नाहीतर पैसेही जातात आणि मित्रही.

बरं, वेळ संपत आली. आमच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर एकजण आहे, रोज सकाळी काहीतरी पाचकळ जोक टाकायचा, गेले तीन आठवडे गप्प आहे. इथून बाहेर पडलो की त्याला फोन लावणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरलं नाहीये, फक्त ते एक वाक्य सोडून.