तंतू उत्तर देतो, पण ऐकतं कोण?

मंडळी, जन्मतः ठार बहिऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे श्रवणतंतूंना थेट विजेने चेतवणारं यंत्र, बसवतात, तेव्हा शस्त्रक्रियेच्या शेवटी एक तपासणी होते. मूल भुलीत असतं. इलेक्ट्रोडची तार आतल्या कानाच्या शंखात सरकवून झालेली असते. ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, लॅपटॉपवरून एका इलेक्ट्रोडला विजेचा ठोका देतात, शेजारचा इलेक्ट्रोड श्रवणतंतूंचं उत्तर टिपतो, आणि मिलिसेकंदाच्या आत आलेलं ते उत्तर पडद्यावर छोट्या लाटेसारखं उमटतं. यंत्राचं म्हणणं तंतूंपर्यंत पोचलं. ऐकलं मात्र कुणीच नाही. माणूस आणि यंत्र यांच्यातली सीमा पुसट होतेय असं म्हणताना ही लाट डोळ्यांसमोर ठेवावी. संदेश पोचणं वेगळं, अनुभव येणं वेगळं.

आता यंत्राकडे वळू. कानामागचा प्रोसेसर मायक्रोफोनने आवाज घेतो, वारंवारतेनुसार त्याचे पट्टे पाडतो आणि डोक्याला चुंबकाने चिकटलेल्या कॉइलमधून कातडीपलीकडे पाठवतो. आतल्या भागाला लागणारी वीजही तिथूनच जाते. त्यामुळे कॉइल निसटली की त्याच क्षणी आवाज बंद.

शंख अडीच वेढ्यांचा, उलगडला तर साधारण 35 मिलिमीटर. निरोगी कानात आतल्या रांगेत आवाजाची कंपनं टिपणाऱ्या सुमारे 3,500 केसपेशी आणि त्यांच्यामागे 30,000च्या आसपास तंतू असतात. त्या केसपेशींचं काम इथे 12 ते 22 इलेक्ट्रोड करतात. तेही एकमेकांपासून पुरते सुटे नाहीत. शंखातलं पाणी खारट, वीज त्यात पसरते आणि शेजारच्या तंतूंनाही चेतवते. म्हणून 22 इलेक्ट्रोडांचा उपयोग प्रत्यक्षात आठेक वाटांइतकाच होतो. प्रत्येक ठोका दुहेरी असतो: आधी ऋण, मग तितकाच धन. हा हिशेब चुकला तर विद्युतभार साचतो, इलेक्ट्रोडचं प्लॅटिनम झिजतं आणि ऊतींना इजा होते.

इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर बोलणं कळतं, कारण बोलण्याचा अर्थ मुख्यतः आवाज क्षणोक्षणी किती मोठा-लहान होतो त्या चढउतारात असतो. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी कानांच्या लोकांना फक्त चार पट्ट्यांचा आवाज ऐकवला, तरी त्यांना वाक्यं समजली.

गाण्याचं तसं नाही. पांढरी एकचा षड्ज धरा, म्हणजे साधारण 262 हर्ट्झ. कोमल रिषभ येतो 277ला. 22 इलेक्ट्रोडांच्या एका प्रचलित मांडणीत सर्वांत खालचा पट्टा 188 ते 313 हर्ट्झचा आहे, म्हणजे दोन्ही स्वर एकाच इलेक्ट्रोडच्या वाट्याला येतात. तबल्याचा ठेका नीट लागतो, राग ओळखणं मात्र फार अवघड जातं.

मोठेपणी बहिरं झालेल्यांना पहिल्या दिवशी घरच्यांचा आवाज अनेकदा चिरका, किणकिणता लागतो. तार सहसा शंखाच्या टोकापर्यंत जात नाही, त्यामुळे खर्जातला आवाज वरच्या पट्टीच्या तंतूंवर पडतो. काही महिन्यांनी तोच आवाज पुष्कळांना ओळखीचा वाटू लागतो. मॅपिंगमध्ये, म्हणजे इलेक्ट्रोडांच्या पातळ्या ठरवण्यात, थोडे फेरफार होतात हे खरं, पण खर्जाचा आवाज अजूनही त्याच तंतूंवर पडत असतो. जुळवून घेतलेलं असतं मेंदूने.

लहान मुलाकडे मात्र जुळवायला जुनी आठवणच नसते. मेंदूतल्या श्रवणाच्या भागाला आवाज मिळाला नाही तर नजर आणि स्पर्श तिथे हातपाय पसरतात. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालं तर हा भाग बहुधा वेळेवर घडतो; सात वर्षांनंतर फार कठीण. दिव्यांगांना साधनं मिळवून देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत एक ते पाच वर्षांच्या मुलांवर भर आहे तो यामुळेच. या कामाचं समन्वयकेंद्र मुंबईत, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत आहे.

स्विच ऑननंतर, म्हणजे यंत्र पहिल्यांदा चालू केल्यानंतर, खरी मेहनत सुरू होते. मॅपिंगमध्ये प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी दोन पातळ्या ठरवतात: जेमतेम ऐकू येणारी आणि मोठी पण सोसवणारी. वरची पातळी जास्त झाली की मूल कॉइल ओढून फेकतं. कधी चेहऱ्याचा स्नायू फडफडतो, कारण चेहऱ्याची नस शंखाच्या अगदी लगत असते. कॉइल फेकणं घरच्यांना हट्ट वाटतं. तेव्हा रागावू नका, मॅपिंग पुन्हा करून घ्या.

आणि पहिल्या दिवशी हाक मारून मान वळायची वाट पाहू नका. मूल तीन वर्षांचं असलं तरी त्याचं ऐकण्याचं वय त्या दिवशी शून्य असतं. स्वयंपाकघरात बसवा. त्याच्या पाठीमागे भाकरी थापा, तो आवाज येऊ द्या, आणि मगच भाकरी दाखवा.