दार उचलून लावावं लागतंय?

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्याकडे दहा-पंधरा वर्षं जुनी गाडी असेल, तर पाहुणा गाडीतून उतरताना घरातलं कुणीतरी हमखास ओरडतं, "अहो, उचलून लावा हं!" दार जरा वर उचलायचं, मग ढकलायचं, मग ते लागतं. घरच्यांच्या हाताला ती सवय होऊन जाते. पाहुणा मात्र दोनदा आपटतो, तिसऱ्यांदा जोर लावून आपटतो. आज मी त्या दाराबद्दल बोलणार आहे, खाली बसलेल्या दाराबद्दल.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो आणि पुढेही सांगत राहीन. दार लागत नाही म्हणून लॉकला हात लावू नका. आधी बिजागरी बघा. आधी बिजागरी, मग लॉक.

मुंबईकरांना दार आपटण्याची सवय लागली ती काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत. आपल्याच कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ती गाडी. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि टॅक्सीची वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस ती रस्त्यावरून गेली. तिच्या चालकांचं "दार हळू लावा" हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं असेल! ते बरोबर सांगत होते.

आमच्या घरीही पद्मिनीच होती, 1975 ची, फिक्या निळ्या रंगाची. आम्ही दादरला राहायचो. दर मंगळवारी आजीला सिद्धिविनायकाला न्यायचं, हा बाबांचा नेम. आजीचे गुडघे दुखायचे. ती पुढे डावीकडे बसायची आणि उतरताना उघड्या दारावर दोन्ही हात टेकून, सगळा भार त्याच्यावर टाकून उठायची. वर्षानुवर्षं, दर मंगळवारी. दार बसत गेलं. आम्ही उचलून लावत गेलो.

पहिल्या गॅरेजवाल्याने काय केलं? चौकटीवरची लॉकची पट्टी, म्हणजे जिच्यात दाराचं लॉक अडकतं ती, सैल करून थोडी खाली सरकवली. दार लागलं. बाबा खूश. तीन महिन्यांत दार आणखी खाली आलं आणि पट्टी सरकवायला जागाच उरली नाही. दुसऱ्याने बिजागरीच्या फटीत लाकडाचा तुकडा ठेवला आणि दार त्यावर जोरात दाबलं. दार उचललं गेलं खरं, पण बिजागरीभोवतीचा रंग तडकला आणि पत्रा किंचित फुगला. ही युक्ती आजही चालते. तुमच्या गाडीवर कुणाला करू देऊ नका.

मग 1986 च्या श्रावणातला तो मंगळवार. देवळातून परतताना पोर्तुगीज चर्चजवळच्या वळणावर दार आपोआप उघडलं. आजीच्या मांडीवरचं नारळाचं ताट रस्त्यावर गेलं. मागे बसलेल्या आईने झटकन तिचा दंड धरला, म्हणून आजी राहिली. बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. मी बारा वर्षांचा होतो. बाबांना तसं बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्या रविवारी कुणीतरी लालबागच्या एका टर्नरकाकांचं नाव सांगितलं. काका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर, म्हणजे धातू फिरवत तासायच्या यंत्रावर, होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यात त्यांची नोकरी गेली. मग त्यांनी एका गल्लीत सेकंडहँड लेथ टाकलं होतं.

काकांनी लॉककडे पाहिलंसुद्धा नाही. दार अर्धं उघडलं, माझा अंगठा धरून वरच्या बिजागरीच्या सांध्यावर टेकवला आणि बाबांना म्हणाले, "साहेब, दार टोकाला धरून जरा वर-खाली करा." मग मला, "काय लागतंय रे बाळा?"

मला लागलं. बिजागरीची दोन पानं एकमेकांवर हलत होती. टिक, टिक. डोळ्याला काही दिसत नव्हतं, अंगठ्याला सगळं कळत होतं.

काका बाबांना म्हणाले, "दुखणं खांद्यात हाय आणि तुमी मनगट चोळताय."

त्यांनी दाराखाली जॅक लावला, त्यावर लाकडी ठोकळा, त्यावर गोणपाटाची घडी. दाराचा भार जॅकवर आला तशी त्यांनी वरच्या बिजागरीची पिन, म्हणजे तिची दोन पानं जोडणारी सळई, ठोकून काढली आणि माझ्या हातात दिली. एका बाजूने ती झिजून साबणाच्या वडीसारखी बारीक झाली होती. पिनचं भोकही अंडाकृती झालेलं. काकांनी रीमर, म्हणजे भोक तासायचं हत्यार, फिरवून ते गोल केलं आणि ईएन-आठ जातीच्या पोलादाची सळई लेथवर लावून नवी पिन काढली, जुनीपेक्षा वीस थाऊ जाड. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग; वीस थाऊ म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. मग खालची पिन, तशीच. लॉकची पट्टी सगळ्यात शेवटी, आणि तीही पुन्हा वर, कंपनीच्या मूळ खुणेवर.

दार दोन बोटांनी लागलं. 'टक' असा बारीक आवाज.

पैसे घेताना काकांनी विचारलं, "या बाजूला बसतं कोण?" बाबांनी आजीचं सांगितलं. काका आत गेले, पट्ट्याचा एक जाड तुकडा आणला आणि दाराच्या वर, गाडीच्या टपाला आतून त्याचा हातभर फास पक्का करून दिला. म्हणाले, "आईंना सांगा, उठताना हे धरायचं." त्याचे पैसे घेतले नाहीत. आजी पुढे नऊ वर्षं तो पट्टा धरून उठली. ती झिजकी पिन अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

अशी लेथं लालबाग-परळच्या गल्ल्यांतून हरवत चालली आहेत, याचं मला फार वाईट वाटतं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आपण मुलांकडून कागदाची फुलं करून घेतो. त्यातले चार तास कानस आणि ड्रिल त्यांच्या हातात द्या. लोखंड झिजतं कसं, हे हाताला कळलेलं मूल कुठलीच वस्तू आपटणार नाही. असो, दाराकडे येऊ.

अंगठ्याची परीक्षा लक्षात ठेवा. दार अर्धं उघडा, टोकाला धरून उचला, अंगठा बिजागरीवर. सांधा हलला तर पिन झिजली आहे. बिजागरीचं पान चौकटीवर सरकलं तर बोल्ट सैल आहेत. आणि बिजागरीसकट चौकटीचा पत्राच हलला, तर आतून गंज आहे. समुद्राच्या हवेत हे होतं. तिथे बोल्ट आवळून उपयोग नाही, चांगल्या डेंटरकडून पत्रा कापून वेल्डिंग करून घ्यावं लागतं.

दाराचा सगळा भार वरच्या बिजागरीला बाहेर ओढतो आणि खालचीला आत दाबतो, म्हणून बहुधा वरची आधी जाते. दार मीटरभर लांब आणि दोन बिजागऱ्यांत फूटभर अंतर असेल, तर बिजागरीतला एक मिलिमीटर ढिलेपणा लॉकपाशी तीन मिलिमीटर होतो. त्यात हल्ली दारात केवढे स्पीकर बसवतात! गाणी ऐकायला डॅशबोर्डमधले दोन पुरेसे आहेत.

बोल्ट सैल असतील तर काम घरी होतं. बिजागरीभोवती आधी पेन्सिलीने रेघ मारा, म्हणजे किती सरकली ते कळेल. जॅक, ठोकळा, घडी, आणि दार धरायला दुसरा माणूस हवाच. लॉकची पट्टी काढून ठेवा, दार मोकळं लटकू द्या, चारी बाजूंची फट सारखी होईपर्यंत उचला आणि बोल्ट आवळा. पट्टी शेवटी. पिन बदलायची तर एका वेळी एकच बिजागरी, दोन्ही एकदम सोडू नका. ठोकताना डोळ्यांवर चष्मा ठेवा. नव्या गाडीत बिजागरीजवळून वायरी जातात, त्या सांभाळा. आधी बिजागरी, मग लॉक.

वेळ संपत आली. दाराच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजतात. पाणी आत साचलं की दार जड होतं आणि खालून कुजायला लागतं. जून लागायच्या आत एक तार घालून ती मोकळी करा. नमस्कार.