चार बोटांच्या मापाचा बेगल

नमस्कार श्रोतेहो.

सकाळच्या न्याहारीसाठी आदल्या संध्याकाळीच हात घालावा लागतो, असा एक पाव मी गेली काही वर्षं घरी करते आहे. गोल, मधे भोक असलेला, जाडजूड कड्यासारखा. त्याचं नाव बेगल. भट्टीत जाण्याआधी तो उकळत्या पाण्यातून निघतो, हे त्याचं वेगळेपण. मी तो आपल्या चक्कीवर दळलेल्या कणकेचा करते, हातानं मळून, हातानं वळून. कृती सांगणारच आहे. पण तो मुळात कुणाचा, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

बेगल पोलंडमधल्या ज्यूंचा. क्राकूव शहरातल्या ज्यू समाजाचे १६१० सालचे नियम आहेत, बाळाच्या जन्माच्या सोहळ्याबद्दलचे, त्यांत बेगलचं नाव येतं. एक दंतकथा अशी सांगतात, की १६८३ मध्ये व्हिएन्नाच्या लढाईत पोलंडचा राजा सोबिएस्की जिंकला, तेव्हा कुणा पाववाल्यानं त्याच्या सन्मानासाठी घोड्याच्या रिकिबीच्या आकाराचा हा पाव केला. कथा ऐकायला छान आहे, पण १६१० आधी येतं आणि १६८३ नंतर, तेव्हा ती खरी असू शकत नाही. मला त्या राजाच्या गोष्टीपेक्षा घरात बाळ जन्मलंय म्हणून आलेला बेगलच जास्त आवडतो.

आपल्या कोकणातले बेने इस्राएली हेही ज्यूच. पण बेगल त्यांच्या ताटातला नव्हे. त्यांचा मलिदा असतो गोड पोह्यांचा, खोबरं घातलेला. ज्यू म्हटलं की एकच स्वयंपाकघर डोळ्यांपुढे येऊ नये, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

पोलंडहून, रशियाहून निघालेले हे लोक एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कला पोचले आणि बेगल त्यांच्याबरोबर गेला. लोअर ईस्ट साइडच्या तळघरांत भट्ट्या पेटल्या. तिथल्या बेगल करणाऱ्या कारागिरांची एक संघटना होती, लोकल ३३८. सभासद सुमारे तीनशे, आणि कसब बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे जायचं. एका पाळीत चौघं असत. दोघं गोळा वळायचे, एक जण उकळत्या कढईशी, एक जण भट्टीशी. १९५१ च्या डिसेंबरात त्यांच्या मालकांशी झालेल्या वादात शहरातल्या चौतीसपैकी बत्तीस बेकऱ्या बंद पडल्या, आणि वर्तमानपत्रांनी ‘बेगलचा दुष्काळ’ पडल्याची बातमी दिली. तीनशे माणसांच्या हातात एवढ्या मोठ्या शहराची न्याहारी होती!

मग यंत्र आलं. डॅनियल थॉम्पसन नावाच्या माणसानं बेगल वळणारं यंत्र तयार केलं आणि १९६३ मध्ये न्यू हेवनच्या लेंडर कुटुंबानं ते भाड्यानं घेतलं. त्यांचे गोठवलेले बेगल अमेरिकाभर घरोघरी गेले. लोकांना स्वस्तात मिळाले, यात वाईट काही नाही. पण हातानं वळायचा गोळा घट्ट असतो आणि यंत्राला तेवढा घट्ट गोळा झेपत नाही, म्हणून तो सैल करावा लागला. पुढे पुष्कळ ठिकाणी उकळायचंही सोडून दिलं, नुसती वाफ देऊन भागवू लागले. बेगलचा चिवटपणा गेला, तो फुगीर, मऊ, नुसता भोकवाला पाव झाला. घरी हातानं करा असं मी जेव्हा म्हणते, तेव्हा मनात हे असतं. तो घट्ट गोळा आणि ते उकळतं पाणी आता बऱ्याच ठिकाणी राहिलेलं नाही. आपल्या ओट्यावर मात्र दोन्ही सहज जमतं.

मी तो पहिल्यांदा जवळून पाहिला कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये. लेकीकडे गेले होते, जानेवारीचे दिवस होते, नाकातला श्वास गोठेल अशी थंडी. तिथल्या माइल एंड भागात दोन जुनी दुकानं थोड्याशा अंतरावर आहेत. एक फेअरमाउंट रस्त्यावर. श्लाफमन कुटुंबाचा हा व्यवसाय १९१९ पासूनचा. दुसरं सेंट व्हिएटर रस्त्यावर, १९५७ चं, नाझींच्या छळछावणीतून जिवंत राहिलेल्या मायर लेव्कोविट्झ यांनी सुरू केलेलं. दोन्हीकडे लाकडाची भट्टी आणि हातानं वळलेले बेगल. मॉन्ट्रियलचा बेगल न्यूयॉर्कपेक्षा लहान, भोक मोठं, पिठात मीठ घालत नाहीत आणि उकळायच्या पाण्यात मध असतो. वर तिळाचा थर. ग्रेगरी शॅमिटॉफ हा अंतराळवीर २००८ मध्ये अंतराळस्थानकावर गेला तेव्हा तेच तिळाचे बेगल बरोबर घेऊन गेला होता.

पण माझं लक्ष खिळलं ते गोळा वळणाऱ्या माणसाच्या हातांवर. मोठ्या गोळ्यातून एक पट्टी कापायची, तिला दोरीसारखी लांबवायची, चार बोटांभोवती गुंडाळायची, दोन टोकं तळव्याखाली आली की ओट्यावर एकदा पुढे-मागे घासायची, की कडं तयार. माझ्या आईचा कडबोळी वळतानाचा हात मला आठवला. मी काचेपलीकडे उभी राहून हातमोज्यातली बोटं तशीच हलवत होते.

आता कृतीकडे येते. पहिली गोष्ट गहू. मी लोकवन वापरते. आपण ज्याला लोकवन म्हणतो तो लोक-१, गुजरातमधल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला वाण, नाव त्यावरूनच. सिहोरही चालतो. खपली मात्र यासाठी घेऊ नका. खपली खिरीला उत्तम, पण तिची चिकी, म्हणजे ग्लूटेन, ताण सोसत नाही. मी एकदा हट्टानं केले होते, वळतानाच तुटत गेले, आणि पाण्यात टाकले तेव्हा कढईत लापशी झाली.

कणकेचा पाव दडदडीत होतो अशी पुष्कळांची तक्रार असते. त्याचं कारण कोंडा. मळताना पिठात चिकीचं जाळं तयार होतं, यीस्टची हवा त्यातच अडकून पाव फुगतो. कोंड्याचे कण धारदार असतात, ते हे जाळं कापतात. शिवाय कोंडा पाणी सावकाश पितो. आपल्याला वाटतं गोळा बरोबर झाला, आणि अर्ध्या तासानं पाहावं तर कोंड्यानं पाणी ओढून घेतलेलं असतं. यावर मैदा मिसळणं हा उपाय लोक सांगतात. मी तो करत नाही. मला गव्हाची चव हवी असते आणि ती कोंड्यातच असते. माझा उपाय सोपा आहे, कणीक आधी भिजत ठेवायची. पाणी प्यायलेला कोंडा मऊ पडतो, त्याची धार बोथट होते.

प्रमाण लिहून घ्या. आठ बेगलना ५०० ग्रॅम कणीक, ३१० मिलिलीटर पाणी, १० ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि सुपारीएवढा गूळ. पाण्यातलं तीन-चार चमचे पाणी बाजूला काढून ठेवा. उरलेल्या पाण्यात कणीक नुसती कालवा, मळू नका, आणि झाकून पाऊण तास विसरा. मग बाजूच्या पाण्यात गूळ विरघळवून त्यात यीस्ट घाला, ते आणि मीठ त्या गोळ्यात मिसळून मळायला घ्या. सुरुवातीला चिखल होईल, घाबरू नका, दोन मिनिटांत परत बांधलं जातं.

किती घट्ट? पुरीच्या कणकेइतकं. पोळीच्या नाही, पुरीच्या. न्यूयॉर्कचे ते कारागीर ज्या घट्टपणासाठी दंड कमावत होते तो आपल्या घरात सणासुदीला परातीत असतोच, म्हणून आपल्याला हा गोळा परका वाटत नाही. फरक एवढाच की पुरीसाठी आपण मोहन घालतो आणि इथे तेल अजिबात घालायचं नाही, मळायचं मात्र तिप्पट. तळव्याच्या टाचेनं पुढे रेटा, घडी घाला, वळवा, पुन्हा रेटा. घड्याळ लावून बारा मिनिटं. हात भरून आले तर पाच मिनिटं झाकून ठेवा, गोळाही तेवढ्यात सैलावतो आणि पुढचं मळणं हलकं जातं. बोट दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की झालं.

आता फुगू द्या. इथे घड्याळावर विसंबू नका. पुण्यात डिसेंबरात मला दीड तास लागतो, मे महिन्यात पस्तीस मिनिटांत गोळा दीडपट होतो. दुप्पट व्हायची वाट पाहू नका. माझी पहिली खेप मे महिन्यातलीच. मी पुस्तकी दीड तास धरून बसले, बेगल पाण्यात घातल्याबरोबर बसले आणि भाजून निघाले ते सुरकुतलेले, चपटे. ते आम्ही कुरकुरीत भाजून चहाबरोबर खाल्ले, पण डोळ्यांत पाणी आलं होतं खरं.

आठ भाग करा, साधारण शंभर-शंभर ग्रॅमचे. गोळे करून दहा मिनिटं विसावू द्या. बेगल वळायच्या दोन रीती आहेत. एक, गोळ्यात बोट घालून भोक मोठं करत जायचं, वडा थापताना पाडतो तसं. ही सोपी. दुसरी ती दोरीची, मॉन्ट्रियलची. मी दुसरीच करते. वीतभर लांब वात वळायची, चार बोटांभोवती घ्यायची, टोकं एकमेकांवर दोन बोटं चढवायची आणि तळव्याखाली घासून एकजीव करायची. ओट्यावर पीठ भुरभुरवू नका, पिठावर वात नुसती घसरते, वळली जात नाही. उलट ओटा किंचित ओला करा. भोक हवंय त्यापेक्षा मोठं ठेवा, फुगल्यावर ते बारीक होतं.

प्रत्येक बेगल तेल लावलेल्या बटर पेपरच्या चौकोनी तुकड्यावर ठेवा. वीसेक मिनिटांनी एक बेगल गार पाण्याच्या पातेल्यात सोडून बघा. तरंगला तर सगळे तयार. बुडाला तर पुसून परत ठेवा आणि दहा मिनिटांनी पुन्हा बघा. तयार झाले की ताट झाकून फ्रीजमध्ये, रात्रभर. थंडीत यीस्ट सावकाश काम करतं आणि त्या आठ-दहा तासांत गव्हाला जी किंचित आंबूस, खमंग चव येते ती घाईच्या बेगलला येत नाही.

सकाळी उठल्यावर आधी ओव्हन लावा, २२० अंशांवर, पंधरा-वीस मिनिटं चांगला तापू द्या. दुसरीकडे पसरट पातेल्यात अडीच लिटर पाणी उकळायला ठेवा. त्यात मोठा चमचाभर गूळ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा. न्यूयॉर्कला या पाण्यात मोड आलेल्या जवाचा पाक घालतात, मॉन्ट्रियलला मध, आणि माझ्याकडे कोल्हापुरी गूळ. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, तेवढं सांभाळा.

बेगल फ्रीजमधून थेट पाण्यात. एका वेळी तीन, कागदासकट सोडले तरी चालतात, कागद आपोआप सुटतो, चिमट्यानं काढून घ्या. एका बाजूनं एक मिनिट, उलटून दुसऱ्या बाजूनं एक मिनिट. या दोन मिनिटांत वरच्या थरातलं पिठूळ, म्हणजे स्टार्च, शिजतं आणि त्याची एक कातडी बनते, तांदळाच्या उकडीला येते तशी तुकतुकीत. ही कातडी बेगलला ओव्हनमध्ये हवा तेवढा फुगू देत नाही, धरून ठेवते. म्हणून आतला गर दाट आणि चिवट राहतो आणि वरची पापुद्र्याची चमक येते. ज्यांनी उकळणं सोडलं त्यांनी हीच कातडी गमावली.

झाऱ्यानं काढा, निथळा, ओले आहेत तोवरच तिळात उलटे दाबा. तीळ आधी भाजू नका, ओव्हनमध्ये भाजले जातात. खसखसही छान लागते.

२२ ते २५ मिनिटं भाजा, मधे एकदा ताट फिरवा. कणकेचा रंग आधीच तांबूस, त्यामुळे रंगावरून अंदाज चुकतो. एक उचलून पालथा करा आणि बोटाच्या पेरानं बुडावर टकटक करा. पोकळ आवाज आला पाहिजे, पिकलेल्या कलिंगडासारखा. मग जाळीवर काढा आणि निदान वीस मिनिटं कापू नका, आतली वाफ अजून काम करत असते.

मी त्याला आडवा कापून चक्का लावते, मीठ, जाडसर मिरपूड आणि काकडीचे काप घालून. न्यूयॉर्कला क्रीम चीज आणि मिठात मुरवलेला सॅमन मासा घालतात. पहिल्या दिवशी तर नुसताच खावा. दुसऱ्या दिवशी तो कडक होतो, तेव्हा कापून लोखंडी तव्यावर कापलेली बाजू भाजून घ्यायची.

परवा माझी सात वर्षांची नात ओट्याशी स्टुलावर उभी राहिली आणि वात मागून घेतली. बेगलचं माप चार बोटांचं असतं, पण ती कुणाची हे कुणी ठरवलेलं नाही. मॉन्ट्रियलच्या त्या कारागिराचा पंजा रुंद होता, माझे बेगल त्याच्यापेक्षा लहान होतात. तिनं आपल्या चार बोटांभोवती वात गुंडाळली, उरलेली तोडून मला परत दिली, आणि टोकं घासून घासून जुळवली. ताटात तिचा बेगल तिच्याच हातातल्या बांगडीएवढा दिसत होता. तो आम्ही कडेला ठेवला, कारण त्याला बाकीच्यांपेक्षा सहा मिनिटं आधी बाहेर काढावं लागतं.

नमस्कार.