तळ्यातलं वादळ आणि विझलेली चूल

मागे आवाज येतोय ना? बरं. कार्डावर विषय छापलाय 'वाफेचे लाकडी टग तळ्यातल्या वादळात का बुडायचे', टग म्हणजे मोठी जहाजं ओढणारी छोटी बोट, आणि मघाशी खाली एकाने विचारलंच, काका तळ्यात कसलं वादळ, तलावपाळीला पॅडलबोट उलटली काय? (हशा) हसा हसा. पण आपण लेकचं भाषांतर तळं करतो ना, तिथेच घोळ होतो. अमेरिका आणि कॅनडाच्या मधलं ह्युरॉन घ्या, पाच मोठ्या सरोवरांपैकी एक, जवळजवळ ५९,६०० चौरस किलोमीटर. आपला अख्खा कोकण विभाग तीस हजारांच्या आसपास. म्हणजे पालघरपासून सावंतवाडीपर्यंत सगळं उचलून आत टाकलं, आंबे-काजूंसकट, तरी निम्मं तळं शिल्लक.

आणि समुद्रापेक्षा तिथली लाट वाईट, हे मी नाही, तिथले खलाशीच म्हणतात. समुद्राची लाट लांब असते, बोट चढते उतरते, पोटात ढवळतं पण वेळ मिळतो. सरोवराची लाट आखूड आणि उभी, एकीतून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर येते न येते तोच दुसरी. त्यात नोव्हेंबर-डिसेंबरात कॅनडाकडून थंडगार हवा अजून कोमट असलेल्या पाण्यावर येते आणि मग जे काय होतं ते. १९१३ च्या नोव्हेंबरात चार दिवसांत बारा बोटी गेल्या, अडीचशेच्या वर माणसं. बहुतेक मोठ्या पोलादी मालबोटी होत्या हं, लाकडी नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुम्ही म्हणाल ह्या माणसाला टगचं वेड कुठून लागलं. माझे आजोबा मुंबई बंदरात वाफेच्या टगवर आगवाले होते. आगवाला म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा, नव्या मुलांना सांगावं लागतं. फावडं भरायचं, दार उघडायचं, झटकन कोळसा पसरायचा, दार बंद, कारण दार उघडं राहिलं की गार हवा शिरून वाफ पडते आणि वर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आईबहिणीवरून शिव्या देतो. बोट आपल्याकडे कलली असताना दार उघडायचं नाही, निखारे अंगावर येतात. उजव्या हातावर कोपरापर्यंत त्यांना एक केस नव्हता. रिटायर होऊन गावी आले तरी रात्री दोनला उठून चुलीतला निखारा राखेत नीट पुरलाय का बघायचे, आणि आजी अंथरुणातूनच ओरडायची, अवो ही बोट नाय, घर आसा! (हशा) तर हे आजोबा नेहमी म्हणायचे, "बोट मागसून बुडता, पयली आग इझता." मी चाळीस वर्षं इंजिनियरिंग केलं, ह्यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही.

हां, चिठ्ठी आली, दहा मिनिटं. म्हणजे अजून मूळ विषय सुरूच झाला नाही! असो.

तिथले टग पांढऱ्या ओकचे. ह्युरॉनच्या दक्षिणेकडच्या डेट्रॉइट आणि सेंट क्लेअर नद्यांतून शिडाच्या बोटी ओढून न्यायच्या हा धंदा, एकामागे एक माळ लावून, चँपियन नावाच्या टगचं आठ जहाजं ओढतानाचं चित्र प्रसिद्धच आहे. आणि गिऱ्हाईक पकडायला हे टग पार उघड्या सरोवरात जाऊन थांबायचे, ठाणे स्टेशनबाहेर रिक्षावाले पुढे येऊन उभे राहतात ना, अगदी तसं. आता टग असतो बुटका. मागचा डेक पाण्याला लागून, मध्ये अवजड बॉयलर, आणि ओढून ओढून फळ्यांच्या सांधी सैल झालेल्या, त्यात ठोकलेला काथ्या आणि डांबर निघत चाललेलं. वादळात पाणी वरूनही येतं, खालूनही येतं. उपसायला पंप आहे, पण तळाच्या पाण्यात कोळशाची भुकटी आणि राख, पंपाची जाळी तुंबते. पाणी चढत चढत भट्टीच्या जाळीला लागलं की आग गेली. आग गेली की वाफ नाही, वाफ नाही म्हणजे पंप नाही आणि बोट पुढे ढकलणारा पाण्यातला पंखाही नाही. पुढे जाणंच थांबलं की सुकाणूला काही अर्थ राहत नाही, बोट लाटांना आडवी होते. मग संपलं.

लोक म्हणतात लाकूड होतं म्हणून बुडाले. माझं भांडण इथेच आहे! स्पोर्ट नावाचा टग बघा. १८७३, वायन्डॉट, मिशिगन, मालक एबर वॉर्ड, आराखडा फ्रँक कर्बीचा, तेव्हा तो विशी नुकती ओलांडलेला पोरगा. लाकडी नाही, पोलादी, तिकडच्या अगदी पहिल्या पोलादी टगांपैकी. आणि १९२० च्या डिसेंबरात ह्युरॉनमध्ये, मिशिगनच्याच किनाऱ्यावरच्या लेक्सिंग्टन गावाजवळ, वादळात सापडला. पोलादाने दगा दिला का? नाही. भट्टीच विझली, टग वाहत सुटला, माणसांनी तो सोडला आणि सगळी वाचली. मग तो बुडाला. क्रम बघा, आजोबांचाच आहे.

मुलीकडे गेलो होतो तेव्हा लेक्सिंग्टनच्या धक्क्यावर उभा राहून आलो. दिसत काहीच नाही. १९८७ मध्ये सांगाडा सापडला, पन्नासेक फूट खाली, आणि १९९२ मध्ये सरकारने माहितीची पाटी लावली तीही पाण्याखाली, म्हणजे वाचायला पाठीवर सिलेंडर बांधून जा! माझे दात वाजत होते, जावई गाडीत हीटर लावून हॉर्न देत होता, आणि मी आपला कुठे असेल कुठे असेल करत पाण्याकडे बघतोय.

दुसरी चिठ्ठी. पंखा आणि चाकवाल्या टगमधला फरक राहिला, तो खाली चहाला सांगतो.