खिळ्यावरची ओ-रिंग

(दृश्य: भोसरी एमआयडीसीतला पत्र्याचा शेड, आत मेंटेनन्सचं स्टोअर. भिंतीत खिळा, त्यावर काळ्या रिंगांचा झुबका.)

हा खिळा भोसरीत दिसतो, चाकणला दिसतो, नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानातही दिसतो. ओ-रिंग म्हणजे सांध्यातून तेल-हवा गळू नये म्हणून बसवायची रबरी कडी, एक प्रकारचा सील. पटकन हाताला लागाव्यात म्हणून या रिंगा खिळ्याला अडकवून ठेवायच्या. त्यातली एक काढून जवळून बघू.

(क्लोजअप: दोन बोटांत धरलेली रिंग.)

खिळ्यावर टेकलेली जागा चपटी झाली आहे. तिथेच रिंग जरा वाकवली की बाहेरच्या अंगाला केसाएवढ्या बारीक चिरा उघडतात, सगळ्या आडव्या. रिंग कोरी आहे, मशीनला एकदाही लागलेली नाही. या चिरा ओझोनच्या. नायट्राइल या कृत्रिम रबराच्या रेणूंच्या साखळीतले दुहेरी बंध हवेतला ओझोन तोडत असतो. रबर ढिलं असेल तर त्याचं काही दिसत नाही. ताणलेलं असेल तर तुटलेली जागा फाकते, आणि फाकते ती ताणाला आडवी. म्हणून चिरेच्या दिशेवरून रिंग कशी ठेवली होती ते कळतं.

शेडमध्ये ओझोनला तोटा नाही. वेल्डिंगचा आर्क, ब्रशवाल्या मोटारीच्या ठिणग्या, हाय व्होल्टेजची उपकरणं. त्यामुळे सीलचं कपाट वेल्डिंग बे आणि विजेच्या पॅनेलपासून लांब हवं, आणि प्रत्येक लॉट पॉलिथिनच्या बंद पिशवीत. मऊ, चकचकीत पीव्हीसीची पिशवी नको. तिच्यातलं प्लॅस्टिसायझर, म्हणजे मऊपणा आणणारं रसायन, रबरात उतरतं. तांब्याच्या तारेने जुड्या बांधणं तर अजिबात नको, तांबं रबराला झपाट्याने म्हातारं करतं.

(दृश्य: पोटमाळ्यावरचे खोके, वर तापलेला पत्रा.)

साठवणुकीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ २२३०. त्यात तापमान २५ अंशांच्या खाली ठेवायला सांगितलंय. पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशीला टेकतो. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर काय होत असेल ते तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की समजतं. ढोबळ हिशोब असा, की दर १० अंशांमागे रबर जुनं होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. स्टोअरला एसी बसवणं सगळ्यांना परवडत नाही, पण सीलचं कपाट खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला आणणं कुणालाही जमतं. काचेतून ऊन येत असेल तर खिडकी झाका.

पावसाळ्यात दुखणं वेगळं. हायड्रॉलिक प्रेसचे पॉलियुरेथेनचे यू-सील (इंग्रजी यू आकाराचे) ओल धरतात. पाण्यामुळे त्यांची साखळीच तुटते, सील आधी चिकट लागतो, मग नखाने भुगा निघतो. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनमध्ये हे जास्त. एरवी आर्द्रता ७० टक्क्यांखाली पुरते, यांना ६५ च्या खाली लागते. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा याच्या बरीच वर असते, तेव्हा हवाबंद डबा आणि ओल शोषणारं सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की पुडी बदला, नुसती टाकून विसरू नका.

(दृश्य: पाकिटावरचं लेबल.)

लेबलवर ‘२ क्यू २४’ असं छापलेलं असतं. अर्थ, २०२४ च्या दुसऱ्या तिमाहीत रबर पक्कं झालं. वय इथून मोजायचं, बिलाच्या तारखेपासून नाही. नैसर्गिक रबर आणि पॉलियुरेथेन ५ वर्षं, तपासून आणखी २. नायट्राइल आणि निओप्रीन ७, अधिक ३. व्हिटॉन, सिलिकॉन, ईपीडीएम या जातीच्या रबरांना १०, अधिक ५. हे आकडे नीट ठेवलेल्या मालाचे आहेत, खिळ्यावरच्या नाहीत. आणि पिशवीतून काढून ट्रेमध्ये ओतलेल्या रिंगेला तारीख उरत नाही, जातही उरत नाही. काळं नायट्राइल आणि काळं ईपीडीएम डोळ्यांनी ओळखू येत नाही. हायड्रॉलिक तेलात चुकून ईपीडीएम बसवलं, की ते फुगून खाचेबाहेर येतं.

मोठ्या व्यासाच्या रिंगेची जागा वाचवायची असेल तर दोन वेढे देऊ नका, कुठेतरी पीळ किंवा मोड पडतेच. तीन वेढे द्या, बँडसॉचं (पट्टीच्या करवतीचं) पातं गुंडाळतात तसे. फिरत्या शाफ्टभोवती बसणारे ऑइल सील आडवे ठेवा, चळत लहान ठेवा. नाहीतर खालच्या सीलची ओठासारखी कड दबते आणि शाफ्टवर पकड घेत नाही.

(दृश्य: डिझेलचा डबा, त्यात भिजत घातलेले सील.)

हा डबा बाजूला ठेवा. पेट्रोल-डिझेलने मळ निघतो तसं रबरातलं प्लॅस्टिसायझरही निघतं. वाळल्यावर सील आकसतो, कडक होतो. ब्रेकचे ईपीडीएम सील तर त्यात फुगून वायाच जातात. कोमट पाणी, साबण, सावलीत वाळवणं, एवढंच पुरतं. नव्या रिंगेवर पांढुरकी पूड दिसली तर घाबरू नका. बहुतेकदा ते रबरातून वर आलेलं मेण असतं, आणि ते ओझोनला अडवतं. घासून काढाल तर नुकसान तुमचंच.

जानेवारीत सकाळच्या पाळीला पारा १०-१२ वर असताना सील ताठ असतो. ओढून बसवला तर फाटतो. आधी खोलीत ३० अंशांपर्यंत ऊब घेऊ द्या. कुकरची सैल रिंग फ्रीझरमध्ये ठेवून घट्ट करतात ना, तीही थंडीचीच करामत. शिट्टी होईपर्यंत टिकते, रबर काही नवं होत नाही.

(दृश्य: टेबल, दिवा, दहापट भिंग.)

पुण्याच्या कारखान्यांची सुट्टी बहुतेक गुरुवारी. महिन्यातून एका गुरुवारी, मशिन्स बंद असताना, मुदत जवळ आलेला लॉट काढा. चार-पाच रिंगा हलक्या ताणा, भिंगाखाली फिरवा. चिरा, चिकटपणा, कडकपणा, कायमचा चपटेपणा, यातलं काही दिसलं तर तो लॉट बाद. बाद रिंगा तशाच कचऱ्यात टाकू नका, कात्रीने कापा. अख्खी रिंग कुणीतरी ‘चांगली आहे की’ म्हणून उचलतो, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खिळ्यावर दिसते.