निळ्या टोपणाची नळी

कार्तिक सरत आलाय. बीड जिल्ह्यातल्या या वस्तीवर ट्रॅक्टर लागलाय. ट्रॉलीत बाजरीचं पोतं, पत्र्याची पेटी, दोन शेळ्या. आता पाच-सहा महिने ऊसतोड, मुक्काम साखर कारखान्यावर. यंदा एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी, मात्र घरीच राहणार आहे.

तिला तीनदा दिवस गेले, तीनदा पोट पडलं. तिन्ही वेळा दहा आठवड्यांच्या आत. कुणी मोळीवर खापर फोडलं, सासूनं येरमाळ्याच्या येडाईला नवस बोलला. आशाताईंनी तिला रक्त तपासायला नेलं.

ही निळ्या टोपणाची नळी. आत सायट्रेट आहे, त्यानं रक्त गोठत नाही. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, म्हणून खुणेपर्यंत भरायचीच. कमी भरली की निकाल चुकला. मग नळी यंत्रात गरगर फिरते. तांबड्या पेशी तळाला, वर पिवळसर पाणी. ते काढून पुन्हा फिरवायचं, कारण रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, प्लेटलेट, उरल्या तर ज्या शोधायच्या त्या अँटिबॉडी असूनही सापडत नाहीत. आणि हे सगळं चार तासांत. आता वस्तीवरून शहरापर्यंतचा हा रस्ता बघा. हे फिरवायचं यंत्र तालुक्याला हवं, एवढंच आमचं म्हणणं.

शोधतात त्या अँटिबॉडी, म्हणजे शरीराचे राखणदारच. इथे ते घरच्यांवर उलटलेले. वारेत गुठळ्या होतात, वार नीट रुजत नाही. लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी 1983 साली हा आजार, 'अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम', मांडला. यातल्या एकीचं नाव 'लुपस अँटिकोॲग्युलंट', म्हणजे रक्त गोठू न देणारी. नळीत ती तसंच वागते, अंगात मात्र गुठळ्या करते. नाव सोनूबाई!

एका तपासणीवर भागत नाही. एखाद्या तापानंतरही या अँटिबॉडी तात्पुरत्या दिसतात, म्हणून किमान 12 आठवड्यांनी पुन्हा रक्त. हिचं पहिलं आखाडात झालं, दुसरं आश्विनात. पहिलंच दिवाळीत झालं असतं, तर दुसऱ्याच्या वेळी ती फडात असती.

उपचार नसेल तर पुढच्या महिन्यांतही बाळ दगावू शकतं, आईचा बीपी वाढू शकतो, पायात गुठळी होऊ शकते.

आता चौथ्यांदा दिवस गेलेत. पोटाची चिमूट धरायची, गुठळी होऊ न देणाऱ्या हेपॅरिनची बारीक सुई, रोज एक. जोडीला ॲस्पिरिनची छोटी गोळी. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण बऱ्याच जणींना येतो.

सुई झाली की नवरा कॅलेंडरवर फुली मारतो. आज एकविसावी. घेतलेली उचल कशी फेडायची, याची बोलणी मुकादमाशी अजून चालू आहेत.